बाळू पालवणकर : एका धंदेवाईक खेळाडूची कारकीर्द



गोल्फ नावाचा एक खेळ आहे. विस्तीर्ण हिरव्या माळावर लहानसा चेंडू काठीच्या टोल्यांनी पुढे पुढे न्यावयाचा आणि ठिकठिकाणी केलेल्या अठरा खळग्यांत एकामागून एक पाडावयाचा. ज्याला सर्वांत कमी टोले लागतील तो जिंकला. वाशीम, रिसोड, कारंजा या बाजूच्या गावांत हा खेळ प्रत्यक्ष पाहिलेला मनुष्य विरळाच आढळेल. क्रिकेट मात्र तेथील मुलांच्याही अंगवळणी पडलेले आहे. शाळा सुटली की तीन काठ्या रोवावयाच्या आणि खेळ सुरू करावयाचा. या खेळाचा एक अलिखित कायदा सर्वांस ठाऊक आहे : ज्याची बॅट, त्याची पाळी पहिली. ज्याच्यापाशी बॅटही नाही आणि चेंडूही नाही, त्याने चेंडू टाकावा, लांब गेला तर धावत जाऊन आणावा, आणि आपली पाळी येण्यापूर्वी अंधार पडला तर मुकाट्याने घरी जावे.

मुलांचा हा कायदा थोरांच्या खेळांतही दीर्घकाळ चालत आलेला आहे. गोल्फचेच उदाहरण घ्या. खेळ श्रीमंतांचा, परंतु त्यात खरे निष्णात झाले, ते पुष्कळदा श्रीमंतांच्या काठ्यांचा भाता खांद्यावर वाहणारी पोरे. या पोरांना कॅडी म्हणतात. 1870 साली जर्सी बेटावर जन्मलेला हॅरी व्हार्डन हा एका माळ्याचा मुलगा. लहानपणी त्याने काठ्या वाहिल्या, पुढे माळीकाम केले, मग मैदान राखण्याची नोकरी धरली; आणि 1896 ते 1914 या अवधीत ब्रिटिश खुली स्पर्धा त्याने सहा वेळा जिंकली. हा विक्रम आजवर कोणास मोडता आलेला नाही. परंतु व्हार्डन पैसे घेऊन खेळे, म्हणून तो प्रोफेशनल, म्हणजे धंदेवाईक. धंदेवाईकाने मैदान गाजवावे, पण क्लबाच्या इमारतीत सभ्य गृहस्थांच्या शेजारी बसू नये, असा त्या काळचा शिरस्ता होता. 1920 साली अमेरिकेत टोलेडो येथील इन्व्हर्नेस क्लबाने राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी या खेळाडूंना आपले दार उघडले, तेव्हा त्या बिचाऱ्यांना येवढे अप्रूप वाटले की, त्यांनी कृतज्ञता म्हणून क्लबाला एक मोठे घड्याळ नजर केले!

दार उघडण्याबद्दल आभार मानावे लागावेत, यातच सर्व काही आले. विलायतेत हे दार पैसा आणि प्रतिष्ठा यांनी अडविलेले होते. आपल्या देशात त्याला आणखी एक अडसर होता, आणि तो जातीचा. हे दोन्ही अडसर ज्यांच्या वाट्यास आले आणि तरीही ज्यांनी आपल्या डाव्या हाताच्या बळावर हिंदुस्थानातील श्रेष्ठ गोलंदाज म्हणून लौकिक मिळविला, त्या बाळू पालवणकर यांची कारकीर्द हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बाळू यांचा जन्म 1876 च्या सुमारास धारवाड येथे झाला. कुटुंब मूळचे कोकणातील पालवण गावचे. त्यावरून पालवणकर हे आडनाव पडले. जातीने चर्मकार, म्हणजे त्या काळच्या रूढीप्रमाणे अस्पृश्य. वडील लष्करी खात्यात नोकरीस असल्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीच्या आसपास गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट खेळू लागले. शाळेचे शिक्षण फार झाले नाही. घरची गरज मोठी असल्यामुळे बाळू कोवळ्या वयातच पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात मैदान राखण्याच्या कामास लागले. पगार दरमहा 3 रुपये. तेथून ते गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात गेले. तेथे पगार 4 रुपये झाला.

या चार रुपयांत काय काय करावयाचे होते? खेळपट्टीवर रूळ फिरवावयाचा, रेघा आखावयाच्या, सरावाची जाळी उभारावयाची, टेनिसची मैदाने आखावयाची. आणि साहेबलोकांस सराव हवा असेल तर चेंडू टाकावयाचे. हे शेवटचे काम बाळूंना फळले. त्यांची गोलंदाजी डाव्या हाताची, संथ गतीची. एकाच हालचालीतून चेंडू कधी आत तर कधी बाहेर वळविण्याची आणि वेग नकळत कमीजास्त करण्याची हातोटी त्यांनी साध्य केली. कॅप्टन ग्रेग हे त्या वेळचे हिंदुस्थानातील अग्रगण्य युरोपियन फलंदाज. ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. प्रत्येक वेळी आपणास बाद केल्यास आठ आणे, असे बक्षीस त्यांनी लावले होते, असे सांगतात. हिशेब सोपा आहे. महिन्यात आठ वेळा ग्रेगसाहेब बाद झाले की पगार दुप्पट!

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या जिमखान्यात बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली. परंतु फलंदाजीचा सराव करण्याची संधी त्यांना कधी मिळाली नाही. फलंदाजी हा धन्याचा अधिकार आणि गोलंदाजी हे चाकराचे काम, ही वाटणी तेथेही ठरलेली होती. बाळूंची विद्या चाकरीतून आली. ज्या चाकरीने त्यांस खालच्या पायरीवर ठेवले, तिनेच त्यांचा हात घडविला, ही दैवाची लीला म्हणावी लागेल.

कीर्ती फार दिवस झाकून राहत नाही. पुण्याच्या हिंदू क्रिकेटपटूंना गोऱ्यांशी सामना करावयाचा होता, आणि गोऱ्यांना चकविणारा गोलंदाज तर गोऱ्यांच्याच मैदानावर रूळ फिरवीत होता. त्याला संघात घ्यावे की नाही, यावर मंडळींत दोन तट पडले. काहींना विजय हवा होता, पण विटाळ नको होता. अखेरीस बाळूंना घेण्याचे ठरले. तडजोड अशी निघाली की, मैदानात सर्वांनी एकाच चेंडूस हात लावावा. परंतु चहाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळावा आणि जेवणाचे ताट वेगळ्या जागी मांडावे. ज्या चेंडूस बाळूंची बोटे लागली तो झेलताना कोणास विटाळ होत नसे. त्याच बोटांनी धरलेला पेला मात्र चालत नसे. रूढीचा हा न्याय कोणत्या शास्त्राने सिद्ध करावा?

बाळूंनी या अपमानाला उत्तर दिले ते चेंडूनेच. पुण्याचा संघ एकदा साताऱ्यास गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळावयास गेला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून तेथील खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरविण्यात आला होता, अशी हकीकत सांगतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि सामना पुण्याने जिंकला.

1896 साली पुण्यात प्लेगची साथ आली. त्या धामधुमीत पालवणकर कुटुंब मुंबईस गेले. मुंबईत परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना नुकताच, म्हणजे 1894 साली स्थापन झालेला होता. तेथेही बाळूंच्या प्रवेशास काही सभासदांनी हरकत घेतली. परंतु कप्तान कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि प्रवेश झाला. पोटासाठी बाळूंनी रेल्वेची नोकरी धरली. हळूहळू त्यांचे बंधू शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही हिंदू संघात आले. एकाच घरातील चार भाऊ एका संघात खेळण्याच्या योग्यतेचे निघावेत, आणि ते घर समाजाने वेशीबाहेर ठेवलेले असावे, हा प्रसंग आपल्या क्रीडेतिहासात अपूर्व होय.

त्या काळी मुंबईचे क्रिकेट जमातीजमातींच्या संघांत खेळले जाई. आरंभी, 1892 पासून, पारशी आणि युरोपियन यांचेच सामने होत. हिंदूंना युरोपियनांशी पहिला मोठा सामना मिळाला तो फेब्रुवारी 1906 मध्ये. वंगभंगाची चळवळ नुकतीच पेटली होती. स्वदेशीचे वारे वाहत होते. अशा वेळी राज्यकर्त्यांशी होणारा सामना केवळ खेळ राहणे शक्यच नव्हते. हिंदूंनी पहिल्या डावात 242 धावा केल्या आणि युरोपियनांचा डाव 191 धावांत संपला. दुसऱ्या डावात हिंदूंच्या 160 धावा झाल्या. आणि युरोपियन संघ अवघ्या 102 धावांत गारद झाला. 109 धावांनी हिंदू विजयी झाले. या विजयात बाळू आणि त्यांचे जोडीदार एराशा यांच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. पुढील वर्षी हिंदूंनी पुन्हा विजय मिळविला, आणि योगायोग म्हणून पहिल्या विजयाकडे दुर्लक्ष करण्याची सोय उरली नाही.

समाजसुधारकांनी या विजयातून एक वेगळाच अर्थ काढला, आणि तो बरोबर होता. पुण्यात ज्या बाळूंना तंबूबाहेर चहा मिळाला, तेच बाळू दहा वर्षांनी मुंबईत सवंगड्यांच्या पंक्तीस बसू लागले होते. पालवणकर बंधूंना जवळ केले नसते तर हा विजय हाती लागला नसता, हे उघड होते. राष्ट्राभिमान मिरवावयाचा असेल तर आधी घरातील दार उघडले पाहिजे, हा धडा पुस्तकातून जितका पटला नसता तितका तो मैदानावर पटला.

1911 साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा सर्व जमातींचा मिळून पहिला संघ इंग्लंडला गेला. त्याच उन्हाळ्यात तिकडे व्हार्डनने गोल्फची खुली स्पर्धा पाचव्यांदा जिंकली. एक माळ्याचा मुलगा आणि एक मैदान राखणारा, दोघेही आपापल्या विद्येच्या शिखरावर होते. बाळूंचे वय आता पस्तिशीला पोचले होते आणि खांदा दुखत होता. संघाची कामगिरी एकंदरीने निराशाजनक झाली. 23 सामन्यांपैकी 15 गमावले, 6 जिंकले, 2 अनिर्णित राहिले. महाराज स्वतः बहुतेक सामन्यांपासून दूरच राहिले. या पडत्या संघाचा भार बाळूंनी उचलला. साऱ्या दौऱ्यात त्यांनी 114 गडी बाद केले. त्यांपैकी 75 प्रथम दर्जाच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात 103 धावा देऊन त्यांनी 8 गडी टिपले. टाँटन येथे सॉमरसेटविरुद्ध बंधू शिवराम यांनी नाबाद 113 धावा काढल्या आणि संघ एका गड्याने जिंकला. यॉर्कशायरच्या विल्फ्रेड ऱ्होड्स या प्रख्यात डावखुऱ्या गोलंदाजाशी बाळूंची तुलना होऊ लागली.

मायदेशी परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या प्रसंगीच्या मानपत्राच्या लेखनात भीमराव आंबेडकर या तरुण विद्यार्थ्याचा हात होता, असे चरित्रकार लिहितात. त्या पिढीतील तरुणांना बाळूंचा किती अभिमान वाटत असेल, याची कल्पना करता येते. गुणांच्या बळावर आपल्यातील एक माणूस विलायतेपर्यंत गाजला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

गुणांचे बळ मात्र एका दारापाशी येऊन थांबले. ते दार म्हणजे कप्तानपद. 1910 नंतर अनुभवाने आणि कर्तृत्वाने हिंदू संघात बाळूंहून ज्येष्ठ असा खेळाडू क्वचितच असेल. तरीही कप्तानपद दर वर्षी दुसऱ्याकडे जाई. संघाचे कप्तान एम. डी. पै यांनी तर एका सत्कारसमारंभात स्वतःच बोलून दाखविले की, हा मान खरे पाहता बाळूंचा आहे. पै यांचा हा मोठेपणा वंदनीय आहे. पण निवड करणाऱ्या मंडळींनी त्यांचे ऐकले नाही. चेंडू टाकण्यास बाळू हवे होते, हुकूम सोडण्यास नको होते. उच्चवर्णीय खेळाडूंनी अस्पृश्याच्या आज्ञेत वागावे, ही कल्पनाच त्या मंडळींना सोसत नव्हती.

1920 साली गोष्ट विकोपास गेली. पै आजारी होते, म्हणून पहिल्या सामन्यास दुसरा कप्तान नेमणे प्राप्त झाले. या वेळी बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. आणि विठ्ठल हे तेव्हा संघातील उत्तम फलंदाजांपैकी असूनही त्यांचा हक्क डावलून मान इतरास देण्यात आला. शिवराम आणि विठ्ठल यांनी आपले मन मोकळे करणारे पत्रक प्रसिद्ध केले आणि संघातून अंग काढून घेतले. ही घटना लहान नव्हे. वीस वर्षे ज्या घराने मुकाट्याने गडी बाद केले होते, त्या घराने आता तोंड उघडले होते. लोकमतही त्यांच्या बाजूस झुकू लागले. अंतिम सामन्यास भाऊ परत आले, बाळूंना उपकप्तान नेमण्यात आले, आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेले असता तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. मोठ्या क्रिकेटमधील त्यांचे हे अखेरचे वर्ष. आयुष्यभराच्या पात्रतेला मिळालेले फळ ते येवढेच!

त्यांच्या कारकीर्दीचा आकड्यांतील हिशेब असा : प्रथम दर्जाचे 33 सामने, 179 बळी, आणि प्रत्येक बळीमागे दिलेल्या धावांची सरासरी सुमारे 15. बाळू तिशीच्या घरात आले तेव्हा या सामन्यांचा आरंभ झाला आणि पंचेचाळिशीच्या आसपास शेवट. हाताची खरी उमेदीची वर्षे चाकरीत आणि स्थानिक सामन्यांत गेली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्यांची किंमत कळते.

तीन वर्षांनी, 1923 साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले आणि चौरंगी सामन्यांचे विजेतेपद त्या वर्षी हिंदूंनी पटकाविले. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. थोरल्या भावाने ठोठावलेले दार धाकट्यासाठी उघडले. इंग्लंडात धंदेवाईक खेळाडूला राष्ट्रीय संघाचे कप्तानपद मिळण्यास 1952 साल उजाडावे लागले. लेन हटन हे विसाव्या शतकातील तसे पहिले कप्तान. तिकडील अडसर वेगळा होता आणि इकडील वेगळा. परंतु दोन्हीकडे माणसाच्या हाताचा उपयोग करून घेणे सोपे, त्याची आज्ञा मानणे कठीण, ही अडचण एकच होती. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' या नावाने मराठीत आत्मचरित्र लिहिले. ते 1948 साली प्रसिद्ध झाले.

बाळूंच्या उत्तरायुष्यातील एका प्रसंगाचा उल्लेख केल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. मैदान सोडल्यावर ते सार्वजनिक कार्यात शिरले. 1932 सालच्या पुणे करारावर त्यांची सही आहे. आणि 1937 सालच्या निवडणुकीत मुंबई कायदेमंडळाच्या राखीव जागेसाठी काँग्रेसतर्फे ते उभे राहिले, तेव्हा त्यांचे प्रतिस्पर्धी होते डॉक्टर आंबेडकर. ज्या तरुणाने कधी काळी बाळूंच्या गौरवासाठी लेखणी हाती घेतली होती, त्याच्याशीच हा सामना होता. आंबेडकर सुमारे दोन हजार मतांनी विजयी झाले.

या दोघांचा मतभेद समजून घेण्यासारखा आहे. बाळूंच्या आयुष्याचा अनुभव असा की, तंबूबाहेरचा चहा हळूहळू तंबूत आला, पंगत एक झाली, आणि शेवटी घरात कप्तानपदही आले. हिंदू समाज सावकाश का होईना बदलतो, अशी त्यांची श्रद्धा बसली असल्यास नवल नाही. आंबेडकरांनी त्याच चरित्राकडे पाहून उलट प्रश्न विचारला असता तरी तो गैर ठरला नसता. प्रत्येकास बाळूंसारखा हात कोठून मिळावा? ज्याला चेंडू वळविता येत नाही, त्याने पाण्याच्या पेल्यासाठी किती वर्षे थांबावे? माणुसकीचा हक्क गुणवंताला बक्षीस म्हणून मिळत असेल, तर तो हक्क कसला? मतदारांनी कौल दिला तो या दुसऱ्या विचाराला. बाळूंचा पराभव झाला. पण त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रत्येकाने आपापल्या वाटेवर जे काटे सोसले, त्यावरून त्याने मार्ग आखला.

4 जुलै 1955 रोजी बाळू पालवणकर मुंबईत निवर्तले. तोपर्यंत जमातवार सामने बंद पडून नऊ वर्षे लोटली होती आणि अस्पृश्यता घटनेने कायद्याबाहेर ठरविली होती. नव्या पिढीला ते नाव फारसे ठाऊक नव्हते. आजही पुष्कळ घरांत क्रिकेटचे आकडे मुखोद्गत असतात, पण हे नाव सांगितले तर मुले विचारतात, हे कोण?

त्यांस उत्तर देताना केवळ 179 बळी सांगून भागणार नाही. चार रुपयांच्या चाकरीत आपली विद्या मिळविणारा, मातीच्या भांड्यातील चहा पिऊनही संघासाठी झिजणारा, आणि वीस वर्षे योग्य असूनही ज्याला कप्तान म्हणण्याचे धैर्य आपल्या लोकांना झाले नाही, असा हा पुरुष होता, हेही सांगितले पाहिजे. सत्कार, मानपत्रे, हारतुरे हे सारे त्यांच्या वाट्यास आले. ते देणाऱ्यांना त्यात काही गमवावे लागत नव्हते. आपली जागा सोडून दुसऱ्याला तीवर बसविण्याची वेळ आली तेव्हाच त्यांची परीक्षा झाली, आणि त्या परीक्षेत बाळू नव्हे, इतर मंडळी नापास झाली. गुणी माणसाचा गौरव करणे सोपे असते. त्याला अधिकार देणे हाच खरा गौरव होय, येवढे या कारकीर्दीवरून घराघरांत समजले तरी पुष्कळ झाले.